गल्लीत तुंबणारं पाणी: पाच-सात जणांनी वॉर्ड ऑफिसकडून काम कसं करून घ्यायचं

मुंबईतल्या गल्ल्यांत पाणी भरतं जुलैत आणि तक्रारीही जुलैतच होतात. त्या वेळी वॉर्डचा अभियंता फार तर पंप लावू शकतो किंवा माणसं पाठवून जाळी मोकळी करू शकतो. गटार रुंद करायचं, चेंबर नव्यानं बांधायचं, वाहिनी बदलायची तर अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, कार्यादेश एवढा रस्ता पार करावा लागतो आणि भर पावसात ते होत नाही. म्हणून या कामाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू करा. पावसाळ्यातल्या नोंदी हातात घेऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात पत्र द्यायचं. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो, त्याआधी वॉर्डाच्या मागण्या वर जातात, त्यामुळे डिसेंबरनंतर दिलेलं पत्र बहुधा पुढच्या वर्षावर जातं. मार्च ते मे हा नालेसफाईचा काळ. पावसाळ्यापूर्वीच्या गाळउपशाची मुदत साधारण ३१ मेची असते. या तीन महिन्यांत आपल्या गल्लीचं गटार खरंच साफ होतंय का, हे जागेवर उभं राहून पाहायचं. जून ते सप्टेंबर पुन्हा नोंदी.

खालची पद्धत पाणी तुंबण्याच्या प्रश्नाभोवती लिहिली आहे. बंद दिवे, न येणारी कचरागाडी, फुटलेली जलवाहिनी, सार्वजनिक शौचालय यांनाही ती थोड्या फरकानं लागू पडते. चाळ असो, झोपडपट्टी असो की सोसायटी, टप्पे तेच.

माणसं कोणती हवीत

पाच ते सात जण पुरेत. दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे संघटना नव्हे. त्यावर फोटो येतात, संताप येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं ‘सुप्रभात’खाली गाडलं जातं. सगळ्यांना कळवण्यासाठी एक ग्रुप ठेवा, पण त्यावर फक्त दोघांना लिहिता यावं. कामाचा ग्रुप वेगळा, त्या सात जणांचाच.

निवड करताना गल्लीचं पहिलं टोक, मधला भाग आणि शेवटचं टोक, तिन्हीकडचं कुणीतरी हवं, कारण पाणी एका टोकाला भरतं आणि अडथळा दुसऱ्या टोकाला असतो. दिवसभर घरी असणाऱ्या बायका या कामात सगळ्यात मोलाच्या: पाणी किती वाजता चढलं, गटाराचा माणूस आला की नाही, हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. कामाच्या दिवशी वॉर्ड ऑफिसला जाऊ शकेल असा एखादा निवृत्त माणूस, मराठीत नीट अर्ज लिहिणारं कुणी, फोनवर पटापट काम करणारं कॉलेजातलं एखादं पोर. भाडेकरू आणि गल्लीच्या तोंडाशी असलेले दुकानदार यांना वगळू नका. फक्त घरमालकांची समिती झाली की अर्ध्या गल्लीला ती आपली वाटत नाही.

दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वेळी पाऊण तास बसायचं. एक दोनशे पानी वही घ्यायची आणि प्रत्येक बैठकीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय झालं, पुढचं काम कोणतं, ते कोण आणि कधीपर्यंत करणार. नाव आणि तारीख नसलेलं काम होत नाही.

पाणी का भरतं ते आधी शोधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात. ‘आमच्या गल्लीत पाणी भरतं’ एवढ्यावर अभियंता ‘भरती होती, पाऊस जास्त होता’ असं उत्तर देतो आणि विषय संपतो. तुमच्याकडे नोंदी असल्या तर ते उत्तर खरं की खोटं, हे तुम्हालाच सांगता येतं.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानं बांधलेल्या आहेत. ब्रिमस्टोवॅड या जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याचं ठरलं. शिवाय पाणी समुद्रात सोडणारी अनेक मुखं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. साडेचार मीटर किंवा त्याहून उंच भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाण्याला जायला वाट नसते. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध इथली उदंचन केंद्रं (पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपघरं) त्यासाठीच बांधली आहेत.

म्हणून प्रत्येक वेळी पाणी भरलं की सहा गोष्टी टिपा: तारीख, पाणी चढायला लागल्याची वेळ, जास्तीत जास्त खोली इंचांत, पूर्ण ओसरल्याची वेळ, त्या दिवशीच्या भरतीची वेळ व उंची, आणि पाऊस. भरतीचं वेळापत्रक पावसाळ्याआधीच जाहीर होतं. पावसाचे आकडे महापालिकेच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवरून मिळतात. खोली मोजायला लाकडी फूटपट्टी घ्या आणि नेहमी एकाच ठिकाणी मोजा, म्हणजे एकाच पायरीशी किंवा एकाच खांबाशी. पाच-सहा नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं.

मध्यम पावसात, ओहोटी असतानाही पाणी भरत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर अडथळा गल्लीतच किंवा लगतच्या चेंबरमध्ये आहे. हा प्रश्न वॉर्डपातळीवर सुटतो, इथं जोर लावा. पाणी फक्त मोठ्या भरतीच्या वेळीच भरत असेल आणि भरती उतरली की आपोआप जात असेल, तर गल्लीचं गटार कितीही साफ केलं तरी फारसा फरक पडणार नाही. तिथं पंपाची आणि मुख्य वाहिनीच्या कामाची मागणी करावी लागते आणि ती लढाई लांबची असते. पाऊस नसतानाही गटारात सतत काळं पाणी वाहत असेल, तर पर्जन्य वाहिनीत कुणीतरी सांडपाणी सोडलं आहे. मुंबईत पावसाच्या पाण्याची आणि मैल्याची वाहिनी वेगवेगळी असते, हे लक्षात ठेवा. फक्त नळाच्या वेळेतच स्वच्छ पाणी दिसत असेल तर ती जलवाहिनीची गळती. तक्रार जलकामे विभागाकडे जाते.

रस्ता नव्यानं काँक्रीटचा झाल्यापासून पाणी घरात शिरू लागलं असेल तर पातळीचा प्रश्न आहे. एखाद्या गवंड्याला बोलवा. दहा मीटरच्या पारदर्शक नळीत पाणी भरून रस्ता, गटाराची जाळी आणि घराचा उंबरठा यांतला फरक तो अर्ध्या तासात काढून देईल. हे आकडे इंचांत लिहून पत्राला जोडा. ‘जाळी रस्त्यापेक्षा दोन इंच उंच आहे’ या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

वस्त्यांमध्ये आणखी एक कारण वारंवार सापडतं. घरोघरच्या पाण्याच्या बारीक नळ्यांचे जुडगे गटारातूनच नेलेले असतात. त्यांत दुधाच्या पिशव्या, कापडं, दुरुस्तीचा राडारोडा अडकतो आणि बांध तयार होतो. नळीला गळती असेल तर तेच गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात जातं. फक्त गाळ काढून हे सुटत नाही. नळ्या गटाराच्या वरच्या बाजूला भिंतीलगत उचलून घ्याव्या लागतात.

कोणाची जबाबदारी

मुंबईत प्रशासकीय वॉर्डना ए पासून टी पर्यंत अक्षरं आहेत (जी उत्तर, एल, एम पूर्व अशी). नगरसेवकांचे २२७ प्रभाग वेगळे. दोन्ही माहीत करून घ्या. वॉर्डचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. त्याच्या हाताखाली परिरक्षण विभाग रस्ते-पदपथ बघतो, घनकचरा व्यवस्थापन कचरा आणि झाडलोट, जलकामे विभाग पाणी, इमारत व कारखाने विभाग बांधकामं, कीटकनाशक विभाग डास. मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे असतात. छोटे नाले आणि रस्त्याकडेची गटारं वॉर्डकडे.

जमीन कुणाची हेही विचारा. म्हाडा, रेल्वे, बंदर प्राधिकरण, जिल्हाधिकारी, खासगी ले-आउट, यांतलं काहीही असू शकतं आणि ‘ही जागा आमची नाही’ हे सगळ्यात सोयीचं उत्तर असतं. ते लेखी मागा. दिव्यांच्या बाबतीत शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतांशी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. तक्रारीत खांबावरचा क्रमांक द्या, नाहीतर माणूस येऊन भलताच खांब बघून जातो.

तक्रार आणि पत्र

१९१६ वर किंवा महापालिकेच्या ॲपवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक वहीत लिहा. एका तक्रारीत एकच प्रश्न. तुटलेलं चेंबर, कचरा आणि बंद दिवा एकत्र लिहिलं की तक्रार तिघांपैकी एकाकडे जाते आणि त्याचं काम झालं की बंद होते. वीस जणांनी वीस तक्रारी करण्यानंही फायदा नाही, त्या एकच समजून निकाली निघतात. एक तक्रार करा आणि तिचाच क्रमांक घेऊन ३०-४० सह्यांचं पत्र द्या. काम न होता तक्रार ‘निकाली’ दिसली तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून पुन्हा उघडा.

फोटो दोन प्रकारचे काढा: एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा खांब दिसतो, आणि एक जवळून. सफाई कामगारांचे चेहरे फोटोत घेऊ नका. मुकादमावर मोबाइल रोखून व्हिडिओ पसरवणाऱ्या गल्लीत पुन्हा कुणी मनानं काम करत नाही, आणि यंत्रसामग्री न मिळाल्याचा दोष त्या माणसाचा नसतोही.

पत्र एका पानाचं असावं. नमुना असा:

प्रति,
सहायक आयुक्त, ……… विभाग कार्यालय,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय: ……… मार्गावरील ……… गल्लीतील पर्जन्य जलवाहिनीचे चेंबर दुरुस्त करून वाहिनी साफ करण्याबाबत.
संदर्भ: तक्रार क्र. ………, दि. ………

महोदय/महोदया,
वरील ठिकाणी जून ते सप्टेंबर या काळात ……… वेळा पाणी साचले. त्यांपैकी ……… वेळा ओहोटी होती. कमाल खोली ……… इंच होती व पाणी ओसरण्यास सरासरी ……… तास लागले (नोंदी सोबत जोडल्या आहेत). खांब क्र. ……… जवळील चेंबर खचलेले असून जाळी रस्त्यापेक्षा ……… इंच उंच आहे. या ठिकाणी संबंधित अभियंत्यांसह संयुक्त पाहणी करून आवश्यक काम येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्यावे व पाहणीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.
आपले विश्वासू, (सह्या, नाव व घर क्रमांकासह)

प्रत माहितीसाठी: सहायक अभियंता (परिरक्षण), नगरसेवक, प्रभाग क्र. ………

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेलं पत्र दिलंच नाही असं समजा. ओळखीच्या साहेबाच्या टेबलावर ठेवून आलेली पत्रं हमखास हरवतात.

संयुक्त पाहणी

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर भेटायला जा. तिघंच जा, पंधरा जण गेले की बोलणं होत नाही, गाऱ्हाणी होतात. पाहणी ठरली की गल्लीतल्या सगळ्यात माहीतगार व्यक्तीला तिथं हजर ठेवा. अभियंत्याला चार प्रश्न विचारा: हे काम कोणत्या खात्याचं, चालू कंत्राटात होईल की नवीन निविदा लागेल, अंदाजे खर्च कोण काढणार आणि कधीपर्यंत, पुढची भेट कधी. उत्तरं जागेवर लिहा आणि त्याच संध्याकाळी ‘आजच्या पाहणीत ठरलेले मुद्दे’ म्हणून ईमेल करा. त्या ईमेलला कुणी हरकत घेतली नाही तर पुढे तोच तुमचा पुरावा.

इथं बहुधा एक अवघड गोष्ट निघते: कुणाची तरी पायरी, ओटा किंवा मोरी गटारावर आलेली असते. गल्ल्यांमधले गट याच मुद्द्यावर फुटतात. अतिक्रमणाची तक्रार करण्याआधी त्या घरी जाऊन बोला. बहुतेकदा तोडण्याची गरज नसते, उघडता येणारं झाकण लागतं. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच इंच जाड काँक्रीटची लादी ४० ते ४५ किलो भरते, कड्या बसवल्या तर दोघे ती उचलू शकतात. पाच-सहा फुटांचा सलग स्लॅब ओतला की तो पुन्हा कधी उघडत नाही आणि त्याखालचा गाळ तसाच राहतो.

नगरसेवकाची मदत जरूर घ्या, ती करणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. मागणी लेखी करा, त्याच्या शिफारसपत्राची प्रत फायलीत ठेवा. मात्र गटाचं नाव कुठल्याही पक्षाच्या बॅनरवर जाऊ देऊ नका. ते एकदा गेलं की निम्मी गल्ली बाजूला होते.

माहिती अधिकार कसा वापरायचा

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग भांडायला कमी आणि कागद मिळवायला जास्त होतो. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’मध्ये करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. वॉर्डात प्रत्येक खात्याचा जन माहिती अधिकारी वेगळा असतो, त्यांची नावं कार्यालयातल्या फलकावर पाहा.

अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘का’ विचारणं. ‘आमचं गटार साफ का झालं नाही?’ याला उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्याच्याकडे असलेला कागद देणं बंधनकारक आहे. म्हणून असं मागा: अमुक गल्लीतील गटार सफाईच्या कार्यादेशाची प्रत, अमुक ते अमुक तारखांदरम्यानच्या मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिण्याची वही) संबंधित पानं, काढलेल्या गाळाच्या वजनाच्या पावत्या, रस्त्याच्या कामाचा दोषदायित्व कालावधी आणि कंत्राटदाराचं नाव. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कालावधी चालू असेल तर खचलेलं चेंबर कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं, नवीन निधी लागत नाही.

पानामागे दोन रुपये पडतात, म्हणून पाचशे पानांची मागणी करण्याआधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास विनाशुल्क असतो. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागद पाहता येतात. फाइल पाहताना पान क्रमांक टिपा आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत ‘जोडपत्र ब’मध्ये प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यावरही समाधान नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे फार वेळ लागतो. गल्लीचं काम तोपर्यंत थांबवू नका, पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच कागद मिळवण्याचा प्रयत्न करा. तिथं मुद्देसूद बोललं तर बऱ्याचदा ते मिळतात.

आपल्या हातानं काय करावं, काय करू नये

मॅनहोल उघडू नका. पाणी भरलं की झाकण सरकवण्याची जुनी सवय जीवघेणी आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला. झाकण गायब किंवा तुटलेलं दिसलं तर त्याभोवती बांबू, लाल कापड लावा, तिथं माणूस उभा करा आणि १९१६ वर कळवा. चेंबरमध्ये किंवा मैल्याच्या वाहिनीत कुणालाही उतरवू नका, पैसे देऊनही नाही. माणसाला असं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि आत साठलेल्या विषारी वायूनं क्षणात माणूस जातो.

करण्यासारखं खूप आहे. उघड्या, उथळ गटाराच्या काठावरचा कचरा आणि जाळीवरचा प्लास्टिकचा थर काढता येतो. साठेक घरांच्या गल्लीला बारा माणसं आणि दोन तास पुरतात. जाड रबरी हातमोजे, गमबूट, तीन-चार फावडी, सहा घमेली, दोन लांब दांड्याचे पंजे आणि तीसेक गोणपाट एवढं जमवा. आदल्या दिवशी कचरा चौकीवर जाऊन मुकादमाशी गाडीची वेळ ठरवा. ही एक गोष्ट राहिली की सगळा उपक्रम फसतो: गोण्या रस्त्याकडेला राहतात, कुत्री त्या फाडतात, पाऊस येतो आणि सगळं परत गटारात. ओला गाळ निथळायला एक-दोन दिवस काठावर ठेवावा लागतो, म्हणून पावसाचा अंदाज असेल तर गाळाला हात लावू नका.

जखम असलेल्यानं या कामात येऊ नये. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक उपचारासाठी २४ ते ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जायचं, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला सांगून ठेवा. डासांसाठी आठवड्यातून एक दिवस पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे कोरडा करायचा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस लागतात.

पैसे आणि नोंदणी

पहिल्या वर्षी नोंदणीकृत संस्था काढू नका. झेरॉक्स, स्टॅम्प आणि हातमोजे यांचा खर्च सात जणांत भागतो. लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर नोंदणी नसलेल्या गटाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं तीच घेतात. सार्वजनिक शौचालय चालवायला घेणं किंवा अनुदान घेणं अशी वेळ आली तर मात्र संस्था लागते आणि त्यासाठी किमान सात सदस्य हवेत. सोसायट्या आणि इमारतींच्या गल्ल्यांना एएलएमचा (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे परिसराची देखभाल बघणारा रहिवाशांचा गट) पर्याय आहे. ही कल्पना १९९० च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून पुढे आली. तिची नोंद वॉर्डातल्या घनकचरा विभागाकडे होते.

फाइल

तक्रार क्रमांक, शिक्क्याची पत्रं, पाहणीचे ईमेल, माहिती अधिकारातले कागद, पाण्याच्या नोंदी, सगळं तारखेच्या क्रमानं एका बॉक्स फाइलमध्ये लावा आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून दोन वेगवेगळ्या घरांतल्या फोनवर ठेवा. वॉर्डातले अधिकारी बदलतात. नव्या अभियंत्याला मागचं काही माहीत नसतं आणि तो ‘पुन्हा अर्ज द्या’ म्हणतो. तेव्हा नवा अर्ज करू नका. जुन्या पत्राची प्रत, त्यावरचा आवक क्रमांक आणि पाहणीत ठरलेले मुद्दे असं तीन पानी स्मरणपत्र द्या. बदली झाल्याचं कळल्यावर पहिल्या आठवड्यातच ते द्या आणि जागा पाहायला कधी येता, एवढंच विचारा.